रक्त चाललं, सही चालली नाही

गोरेगावच्या त्या घरात मी सात वर्षं काढली. आजही कुठं पायमशीनचा आवाज कानावर पडला की मला आधी चुलीवरच्या भाताचा वास येतो. पुढच्या खोलीत दुर्गामावशीचं शिलाईचं दुकान होतं. एक मशीन, कापड बेतायला लाकडी फळी, भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेले अर्धवट ब्लाउज आणि जमिनीवर कायमचा चिंध्यांचा सडा. मागं स्वयंपाक, आणि मधल्या खोलीत एक रुंद पलंग, एक लोखंडी कपाट आणि माझी खाट. शकूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती. आमच्या खेड्यात पाचवीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून बाबूजींनी मला तिच्याकडं आणून ठेवलं. दुर्गामावशी आमच्या नात्यातली नव्हती. तिचं माहेर बोदलकशाचं, तलावावर मासोळ्या धरणाऱ्यांचं. ती शिलाई शिकायला गोरेगावला आली, आत्याच्या घरी राहिली, ती राहिलीच. मी आले तेव्हा त्या दोघींच्या एकत्र राहण्याला आठ-नऊ वर्षं झाली होती.

त्या घरात माणसं तीनच, पण आवाज दहा जणांचा. पहाटे दुर्गामावशी मशीनवर बसायची आणि आत्या आतून ओरडायची, "बंद कर व ते, पोट्टीले झोपू दे!" मशीन थांबायचं, आणि दोन मिनिटांनी हळूच पुन्हा सुरू व्हायचं. भाजीत मीठ किती यावरून त्यांचं रोज वाजायचं. आत्याच्या माहेरी, म्हणजे आमच्या घरी, मासोळी शिजत नसे. दुर्गामावशीला आठवड्यात दोनदा तरी ती लागायचीच. पहिल्या वर्षी आत्या नाकाला पदर लावून ओसरीत बसायची म्हणे. मी गेले तेव्हा ती झिंग्याच्या कालवणात तांदळाची रोटी बुडवून खात होती आणि वर दुर्गामावशीलाच सांगत होती, "आज अंबाडी कमी पडली." आमच्या भागात बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, त्यामुळं आतल्या खोलीतून दोघींचं बोलणं ऐकलं तर कुणाही नवख्याला वाटावं की घरात दोन पुरुष भांडून राहिले आहेत. बाजारच्या दिवशी दुकानात बायकांची गर्दी उडायची. कुणाच्या ब्लाउजची बाही घट्ट, कुणाच्या लेकीचं लग्न. त्या बायका मला विचारायच्या, "तुई आत्या अन् दुर्गाबाई सख्ख्या बहिनीवानी राहतेत, नाई?" मी मान डोलवायची. त्याही डोलवायच्या. त्यांना काय कळत होतं आणि काय कळून घ्यायचं नव्हतं, ते मला तेव्हा समजलं नाही. आता समजतं. जोवर त्याला नाव नव्हतं तोवर सगळ्या गावाला ते चालत होतं.

मला मात्र नाव माहीत होतं. मी बारा वर्षांची असताना एका सोमवारी त्या दोघी मला घेऊन नागऱ्याला गेल्या होत्या. तिथल्या जुन्या शिवमंदिरात गर्दी नव्हती. दुर्गामावशीनं स्वतः शिवलेला जांभळा ब्लाउज घातला होता, आणि आत्याच्या पिशवीत झेंडूचे दोन हार होते. पुजारी बाहेर कुणाशी तरी बोलत उभा होता, तेवढ्यात त्यांनी ते हार एकमेकींच्या गळ्यात घातले. आत्यानं मला जवळ घेतलं आणि शाळेत समजावून सांगावं तसं सांगितलं, "कुंदे, हे आमचं लगन झालं. कोनाले सांगायचं नाई म्हनून नाई, पन कोनी विचारत नाई तोवर सांगायचं नाई. समजलं?" मी समजलं म्हटलं. मग आम्ही तिघींनी नारळ खाल्ला. दुर्गामावशी परतीच्या बसमध्ये खिडकीकडं तोंड करून रडत होती आणि मध्येच माझ्याकडं बघून हसत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. पुढं मी जे केलं ते न कळत्या वयात, न कळून केलं, अशी सवलत कुणी मला देऊ नये.

मी अकरावीत होते. दुर्गामावशीच्या अंगावरून महिनोन्महिने जात होतं, ती सांगत नव्हती. बाजारच्या दिवशी भर दुपारी दुकानात बायका बसलेल्या असताना ती मशीनवरून उठली आणि खालीच कोसळली. मी शाळेतून आले तेव्हा चिंध्या लाल झालेल्या होत्या आणि बायका दारात उभ्या राहून "बाप्पा, बाप्पा" करत होत्या. एकीनंही आत पाऊल टाकलं नव्हतं. आत्याला शाळेतून कुणीतरी बोलावून आणलं. तिनं दुर्गामावशीला उचललं, एकटीनं. मी पाय धरले. काळ्यापिवळ्या जीपमध्ये मागच्या बाकावर आडवं घालून आम्ही तिला गोंदियाला नेलं. आत्याची पांढरी साडी मांडीपाशी भिजत गेली. ती सारखी एकच वाक्य म्हणत होती, "डोये मिटू नको दुर्गे, डोये मिटू नको."

दवाखाना खासगी होता. त्याचं नाव मी घेत नाही, आता तो राहिलाही नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं की गर्भपिशवीत गाठी आहेत, रक्त फार गेलंय, पिशवी आजच काढावी लागेल, आधी रक्त लागेल. आत्यानं लगेच बाही वर केली. तिचं रक्त तपासलं, जुळलं, आणि तिच्या अंगातून काढून घेतलं. तेव्हा तिला कुणीही विचारलं नाही की तू या बाईची कोण. सुई टोचताना नातं लागत नाही. बाही खाली करून, कापसाचा बोळा दाबत ती काउंटरवर आली, तेव्हा तिथल्या माणसानं एक छापील कागद पुढं सरकवला. ऑपरेशनला संमती. त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. बोलताना तो मान मागं करायचा, म्हणजे लाल पाणी बाहेर येऊ नये.

"पेशंट का पति कहाँ है?" त्यानं विचारलं.

"सही मी करते," आत्या म्हणाली. बाहेरच्या माणसाशी ती शाळेतलं मराठी बोलायची.

"आप कौन?"

"सोबत राहते."

"सोबत मतलब? बहन हो? भाभी हो?" त्यानं पेनाचं टोपण कागदावर आपटलं. "मॅडम, बच्चेदानी का मामला है. पति का साइन लगता है. पति नहीं है तो बाप, भाई, कोई भी जेन्ट्स चलेगा. शादी हुई है इनकी?"

"झाली आहे."

"तो पति को बुलाओ ना!"

आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मग त्या माणसाकडं. दंडावरचा बोळा तिनं अजून दाबून धरलेला होता. ती म्हणाली, "मीच आहे."

तो आधी हसला नाही. त्यानं शेजारच्या खिडकीतल्या दुसऱ्याला बोलावलं. "सुन, सुन, ये मॅडम क्या बोल रही है." त्यानं आत्याला पुन्हा बोलायला लावलं. आत्या भाबडी, किंवा घाबरलेली. तिला वाटलं खरंच नीट ऐकू आलं नसेल. तिनं पुन्हा सांगितलं. मग ते दोघं हसले, औषधं देणारी पोरगी हसली, बाकावर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांपैकी दोघं-तिघं हसले. एका म्हातारीनं आपल्या नातवाला अंगाशी ओढून घेतलं, जणू आत्याच्या अंगावर काही रोग उमटलाय. त्या काउंटरवाल्याच्या हनुवटीवरून खर्ऱ्याची लाल लाळ ओघळली आणि ती त्यानं मनगटाला पुसली. त्याच मनगटानं त्यानं तो कागद मागं ओढून घेतला. आयुष्यात मी पुष्कळ घाण पाहिली आहे. नागपुरात पंधरा वर्षं रुग्णालयातच नोकरी केली. पू पाहिला, किडे पडलेल्या जखमा पाहिल्या. पण शिसारी म्हटलं की मला ते मनगट दिसतं.

इथं माझा पहिला गुन्हा. आत्याचं रक्त काढत होते तेव्हा मी समोरच्या दुकानातल्या फोनवरून आमच्या गावी निरोप दिला होता. मला वाटलं, बाबूजी येतील, मोठा माणूस आहे, सांभाळून घेतील. ते त्या दिवशी धान घेऊन गोंदियालाच राइस मिलवर आले होते. निरोप तिकडं पोचला आणि तासाभरात ते मोटारसायकलवरून हजर झाले. अंगावर कोंडा, डोक्याला उपरणं. आत आले तेव्हा ते हसणं चाललेलं होतं, आणि कुणीतरी त्यांना उत्साहानं सगळं सांगितलं. मी बाबूजींचा चेहरा पाहत होते. त्यांना धक्का बसला नाही. त्यांना ते सगळं आधीपासून माहीत होतं. त्यांना राग आला तो चारचौघांत ऐकावं लागल्याचा.

"हिच्या डोक्यावर परिणाम झाला आहे," ते काउंटरवाल्याला म्हणाले. "बहन है मेरी. बिना शादी की है. ऐसा कुछ भी बोलती है."

"तो आप साइन कर दो भाईसाहब. जेन्ट्स हो गए."

आत्या पुढं आली. तिनं बाबूजींचा हात धरला. "भाऊ, कर ना सही. तुह्या एका सहीनं ती वाचते. मंग मी गोरेगाव सोडून जातो, तुले तोंड नाई दाखवत. कर ना गा."

बाबूजींनी हात झटकला. "मी कायले करू? माही कोन लागते ते?" आणि मग ते माझ्याकडं वळले. ते वळले कारण काउंटरवाला म्हणाला होता, बच्ची को पूछो, बच्चे झूठ नहीं बोलते. "सांग व, दुर्गाबाई कोन आहे?"

मी सतरा वर्षांची होते. सगळे माझ्याकडं बघत होते. ती नातवाला धरून बसलेली म्हातारीसुद्धा. मला एवढंच वाटत होतं की या लोकांनी मला त्या दोघींतली समजू नये. जे हसत होते त्यांच्या बाजूला मला उभं राहायचं होतं. बस, एवढंच होतं ते. मी म्हणाले, "शिलाईवाली बाई आहे. आमच्याकडं किरायानं राहते."

आत्यानं दंडावरचा बोळा काढून बघितला, रक्त थांबलं होतं. मग तिला वॉर्डात जाऊ दिलं नाही. किरायदारणीच्या पलंगापाशी घरमालकिणीचं काय काम?

निरोप गेला, तरी दुर्गामावशीच्या भावाला, सुखदेवला, बोदलकशाहून यायला चार तास लागले. चार तास ती रक्ताच्या बाटलीवर पडून होती. त्यानं येऊन अंगठा उठवला, सही त्याला येत नव्हती, आणि तो अंगठा लगेच चालला. ऑपरेशन झालं. ती वाचली. आणि ते चालू असताना मी कँटीनमध्ये जे पाहिलं ते मला आजही जेवताना अचानक आठवतं. बाबूजी दुर्गामावशीच्या हातचं पाणी कधी प्याले नव्हते. गोरेगावला आले तर ओसरीवरच बसायचे, आणि तिनं तांब्या आणून ठेवला तर तो तसाच भरलेला परत जायचा. तेच बाबूजी तिच्या भावाच्या शेजारी बाकावर बसले होते, दोघांत एकच कागद, कागदावर आलूबोंडे. दोघं एकाच चटणीत बुडवून खात होते. तोंडात घास असताना बोलत होते. "तुमची इज्जत तेच आमची इज्जत," सुखदेव म्हणत होता. बाबूजी म्हणाले, "तू तिले घेऊन जा. मी हिले पाहतो. मशीनबी उचल, मंग येयाचं कारनच नाई राहत." बाबूजींच्या मिशांना बेसनाचा चुरा लागलेला होता, बोटं तेलानं चमकत होती, आणि त्याच बोटांनी त्यांनी एक बोंडा उचलून माझ्यापुढं धरला. "खा. सकाळपासून काही खाल्लं नसन." मी खाल्ला. भूक लागली होती. तो घास गिळतानाचा गिळगिळीतपणा मी आजवर कुठल्याही तेलकट पदार्थात टाळू शकलेली नाही.

आत्या त्या वेळी दवाखान्याच्या बाहेर पायरीवर बसली होती. रक्त दिल्यावर तिला कुणी चहासुद्धा विचारला नव्हता. मीही नाही.

आठ दिवसांनी सुखदेव दुर्गामावशीला दवाखान्यातूनच बोदलकशाला घेऊन गेला. त्याच दिवशी टेम्पो आणून मशीन नेलं. बाबूजी उभे राहून उचलायला मदत करत होते. आत्या शाळेत होती. संध्याकाळी ती आली, पुढच्या खोलीत मशीनच्या पायांचे चार डाग फरशीवर बघितले, आणि तांदूळ निवडायला बसली. तिनं भात तिघींचा टाकला. दुसऱ्या दिवशीही तिघींचाच. ती मला रागावली नाही, शिव्या दिल्या नाहीत. मला वाटायचं, मारावं एकदा, म्हणजे सुटेन. ती फक्त माझ्याशी शाळेतलं मराठी बोलायला लागली. "डबा घेतलास का? वेळेत ये." परक्यांशी बोलायचं ते मराठी. रविवारी ती बोदलकशाला जाऊन यायची. सुखदेव तिला फाटकातूनच परत लावायचा. तिरोड्याच्या पोलीस ठाण्यातही ती एकदा गेली. तिथं विचारलं, "तुमची कोण?" आणि ती उठून परत आली.

गावानं आता नाव ठेवलं होतं. दुकानात बसून सहा-सहा तास गप्पा मारणाऱ्या बायका रस्त्यानं जाताना नाकाला पदर लावायच्या. एकीचा ब्लाउज अर्धा शिवलेला राहिला होता, तो मागायला तिनं लेकराला पाठवलं, आणि लेकरू म्हणालं, "मायनं सांगतलं आत नको जाऊ." पाच वर्षं त्या बाईच्या छातीचं माप दुर्गामावशी घेत होती, तेव्हा काही विटाळलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, एक दिवस शाळेत न जाता मी तिरोड्याची बस धरली आणि पुढं एका दूधवाल्याच्या मोटारसायकलवरून बोदलकशाला गेले. सुखदेव तलावावर गेलेला होता. दुर्गामावशी अंगणात भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात सुकत घातलेल्या मासोळ्या, कावळे हाकायला हातात काठी. अर्धी झाली होती. मला पाहून तिनं काठी खाली ठेवली नाही.

"काऊन आली व?"

"भेटायला."

"किरायेदाराले कोनी भेटायले येते का?" तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. बहुतेक सुखदेवनंच, चवीनं. मी तिथंच मातीत बसले आणि रडायला लागले. ती बघत राहिली. तिनं मला जवळ घेतलं नाही, डोक्यावरून हात फिरवला नाही. माझं रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "रडून राहिली ते तुह्यासाठी रडून राहिली. ते राहू दे. शकू जेवते का?"

मी सांगितलं, तीन माणसांचा भात टाकते आणि दोन माणसांचा गाईला घालते.

दुर्गामावशी काठीवर भार देऊन उठली. पोटाच्या टाक्यांवर हात ठेवून ती आत गेली आणि एक कापडी पिशवी घेऊन बाहेर आली. तिची भावजय, सुखदेवची बायको, चुलीपुढं बसली होती. तिनं आमच्याकडं पाहिलं, मग पाठ फिरवून लाकडं सारत राहिली. "मी रानात लाकडं आनायले गेल्तो म्हनून सांगीन," ती चुलीकडं तोंड करून म्हणाली. "जा. मशीन नाई नेता येनार बाई, ते राहू दे." सुखदेवच्या घरात एवढंच एक स्वच्छ माणूस मला भेटलं.

बस मिळेपर्यंत दोन किलोमीटर चाललो. दर शंभर पावलांवर ती थांबायची, पण माझा खांदा तिनं धरला नाही. काठीच धरली. गोरेगावला पोचलो तेव्हा आत्या दारात मुलांच्या वह्या तपासत बसली होती. तिनं मान वर केली, तिचा लाल पेन वहीवर तसाच टेकलेला राहिला आणि शाई पसरत गेली. "येवढ्या उन्हात कोनी चालते का?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी आणि सुखदेव दोघंही आले, सोबत गावातली चार माणसं. मला वाटलं होतं, या खेपेला मी बोलेन. रात्रभर वाक्य जुळवून ठेवलं होतं. पण बाबूजींनी माझ्याकडं पाहिलं आणि मी आत्याच्या मागं सरकले. बोलली ती दुर्गामावशी. दाराच्या चौकटीला टेकून, काठी हातात.

"मी चाळीस वर्साची आहो," ती सुखदेवला म्हणाली. "चोरी केली नाई, कोनाचं खाल्लं नाई. पोलिसाले बोलाव, मी त्याले हेच सांगतो. माही पिशवी काढाले तुहा अंगठा लागला, तो तू देल्ला, तुहे उपकार झाले. आता आंगात तुहं काहीच नाई राहलं. रगत शकूचं आहे. जा."

त्या चार माणसांतला एक थुंकला. बाबूजी मला म्हणाले, "चल घरी." मी गेले नाही. माझ्या बाजूनं झालेलं एवढंच एक. पण त्यालाही मी धैर्य म्हणत नाही. पाय उचलले नाहीत, इतकंच. बाबूजी त्यानंतर गोरेगावला आले नाहीत. आत्यानं दुसरं मशीन घेतलं. बायका वर्षभरानं हळूहळू परत आल्या, कारण तालुक्यात दुर्गामावशीसारखी बाही कुणाला बसवता येत नव्हती. तिनं सगळ्यांना शिवून दिलं. मला त्या बायकांचा वीट आला होता. तिला म्हटलं, कायले शिवतेस यांचं? ती म्हणाली, "मंग गोधड्याच शिवू का जनमभर?"

आता माझे केस पांढरे झाले. त्या दोघी सत्तरीला टेकल्या. बाबूजी ऐंशीच्या पुढं आहेत आणि त्यांना कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप शिकवलंय. सर्वोच्च न्यायालयानं दोन बायांच्या, दोन पुरुषांच्या लग्नाला मान्यता दिली नाही, तो निकाल आला त्या दिवशी मी सुट्टी काढून गोरेगावलाच होते. हलकं धान कापायला आलेलं. माझ्या फोनवर घरच्या ग्रुपमध्ये पहिला निरोप बाबूजींचा होता, हात जोडलेल्या चित्रासकट. 'संस्कृती वाचली.' त्याखाली माझ्या चुलतभावानं लाडवांचं ताट टाकलं होतं. त्या पिवळ्याधमक लाडवांकडं बघताना माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी ग्रुप सोडला आणि अंगणात आले.

त्या दोघी पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मी निकालाची बातमी वाचून दाखवली. आत्यानं चष्मा काढून ती नीट ऐकली. "म्हंजे," ती म्हणाली, "उत्तर तपासायचं काम आपलं नाई, संसदेचं आहे, असं म्हनते का?" मी म्हटलं, तसंच. "आमच्या शाळेत असा मास्तर राहला असता तर गावानं बदली केली असती," ती म्हणाली आणि चष्मा पुन्हा लावला. दुर्गामावशीनं विचारलं ते वेगळंच. कोर्टाचं तिला काही पडलेलं नव्हतं.

"म्हंजे आमच्यातली एक गेली तर दुसरीले कोन विचारनार?"

मी म्हटलं, मी आहे ना. दोघींनीही माझ्याकडं बघितलं, वाईट नजरेनं नाही, पण बघितलं. मग आत्या शेंगा सोलता सोलता हिशेबीपणानं म्हणाली, "घर माह्या नावानं आहे. मी आधी गेलो तर भाऊचे पोट्टे चवथ्या दिवशी तुले बाहेर काढतील. मृत्युपत्र आहे, पन ते दाखवत तू कोर्टात कुठं फिरशीन या वयात. त्याहून तू आधी जा. मी मंग राहीन एकटी, मले कोनी काढू नाई शकत."

"मी आधी गेलो तर सुखदेवचे पोट्टे येतील. म्हनतील, आमची फुफी आहे, आमी नेतो. नेऊन बोदलकशाले जाळतील. तुले पाहू बी नाई देनार."

"नेऊ दे. जित्ती असतानी तर माह्याकडं राहशीन."

"हे बी खरं आहे," दुर्गामावशी म्हणाली.

पुढच्या वर्षी कोणत्या बांधीत काय लावायचं हे ठरवावं तसं दोघींनी ते ठरवलं. दुर्गामावशीनं आधी जायचं. मला तिथं बसवेना. तीस वर्षांत मला स्वतःची जेवढी किळस आली नव्हती, तेवढी त्या क्षणी या सगळ्या देशाची आली. शहाणीसुरती माणसं, झगे घालून, जाडजूड पानं लिहून, आणि त्याचा निकाल इथं या अंगणात असा लागत होता, की दोन म्हाताऱ्यांपैकी कुणी आधी मरणं सोयीचं.

सोललेले दाणे सुपात घेऊन आत्या आत गेली. येताना तिच्या एका हातात पाण्याचा पेला होता आणि दुसऱ्या हातात दुर्गामावशीची रक्तदाबाची गोळी.

"आता कायले देऊन राहिली?" दुर्गामावशी म्हणाली. "मी आधी जायचं ठरलं ना?"

"आज घे," आत्या म्हणाली. "उद्याचं उद्या पाहू."

दुर्गामावशीनं गोळी तोंडात टाकली, पाणी प्याली, आणि पेला उलटा करून दाखवला.